पायाखालची जमीन सरकते, म्हणजे नेमकं काय होतं?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



मागं एकदा आपण घराचा पाया आणि भिंती यांबद्दल बोललो होतो. त्यानंतर एका बचत गटातल्या ताईंनी प्रश्न पाठवला. त्या म्हणतात, "आमच्याकडं जुनी माणसं सांगतात, पाप वाढलं की धरणी हलते. शाळेत जाणारी पोरगी सांगते, जमिनीचे मोठे मोठे तुकडे आहेत आणि ते सरकतात. खरं कुणाचं मानायचं? आणि जमीन सरकत असेल, तर आपल्याला ते कळत कसं नाही?"

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. याचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं, पण मला ते द्यायचं नाही. कारण जमीन सरकते ही गोष्ट मोठमोठ्या विद्वानांनासुद्धा पटायला पन्नास वर्षं लागली. आणि ती पटवून देण्यात एका बाईचा मोठा हात होता. तिची गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी.

सुरुवात करूया आपल्या देवघरापासून.

तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून कुणी बाळकृष्ण ठेवतं, कुणी शाळिग्राम. खरा शाळिग्राम नेपाळमधल्या गंडकी नदीत सापडतो. काळा, गुळगुळीत गोटा. काही शाळिग्राम फुटलेले असतात, त्यांच्या आत गोल गोल चक्र दिसतं, गोगलगायीच्या शंखासारखं. त्याला आपण विष्णूचं चक्र मानतो. शास्त्रज्ञ सांगतात की हा एका समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा आहे. त्या प्राण्याला अमोनाइट म्हणतात. तो पंधरा कोटी वर्षांच्या आसपास समुद्रात राहत होता. मेल्यावर त्याचा शंख तळाच्या चिखलात रुतला, आणि पुढं त्या चिखलाचा दगड झाला.

आता विचार करा. गंडकी वाहते हिमालयातून. समुद्र तिथून शेकडो कोस लांब. मग समुद्रातला शंख डोंगरात गेला कसा? तो कुणी नेऊन ठेवलेला नाही. जिथं आज हिमालय आहे, तिथं पूर्वी समुद्रच होता. त्या समुद्राचा तळच वर उचलला गेला. एव्हरेस्टच्या अगदी माथ्यावरचा दगडसुद्धा समुद्रात तयार झालेला चुनखडीचा दगड आहे.

समुद्राचा तळ साडेआठ हजार मीटरहून वर चढला, तर त्याला कुणीतरी ढकललं असलं पाहिजे. कुणी? ते पुढं येईल.

नकाशा बघून पडलेला प्रश्न

जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर नावाचा एक हवामानशास्त्रज्ञ होता. जगाचा नकाशा बघताना त्याच्या लक्षात आलं की दक्षिण अमेरिकेची पूर्वेकडची बाजू आणि आफ्रिकेची पश्चिमेकडची बाजू एकमेकींत बसतात. फुटलेल्या परळाचे दोन तुकडे जुळवावेत तसे. घरी लेकरांकडं जगाचा नकाशा असेल तर तुम्हीही बघा, लगेच दिसेल.

असं साम्य त्याच्या आधीही काहींना दिसलं होतं. वेगेनरनं पुढचं काम केलं. त्यानं पुरावे गोळा केले. मधे एवढा अफाट समुद्र, तरी दोन्ही किनाऱ्यांवरचे दगड सारखे. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या एका जुन्या झाडाच्या पानांचे ठसे दक्षिण अमेरिकेत सापडतात, आफ्रिकेत सापडतात, ऑस्ट्रेलियात सापडतात, बर्फाच्या अंटार्क्टिकात सापडतात, आणि आपल्या भारतातही सापडतात. एकच झाड एवढे समुद्र ओलांडून कसं जाईल?

आपल्या चंद्रपूरकडच्या मैत्रिणींनी इथं कान द्यावा. तुमच्या वर्धा नदीच्या खोऱ्यातला दगडी कोळसा याच ग्लॉसोप्टेरिसच्या जंगलांपासून झालेला आहे. आणि दुसरी गंमत ऐका. चंद्रपूर म्हटलं की आपल्याला उन्हाळ्यातला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांचा रखरखाट आठवतो. पण त्याच जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी चुनखडीच्या दगडावर हिमनदीनं ओरखडलेल्या खुणा आहेत. बर्फाची नदी दगडगोटे घेऊन हळूहळू सरकते तेव्हा खालचा दगड अशी खरवडली जाते, जशी घासणीनं कढई. म्हणजे कधीकाळी चंद्रपूरवर बर्फ होता! तशाच खुणा आफ्रिकेतही आहेत आणि दक्षिण अमेरिकेतही.

वेगेनर म्हणाला, हे सगळे भूभाग पूर्वी एकत्र होते, दक्षिण ध्रुवाजवळ होते, आणि नंतर फुटून लांब लांब गेले. १९१२ च्या जानेवारीत त्यानं हे जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात भाषणात मांडलं आणि १९१५ साली त्यावर पुस्तक काढलं.

दक्षिणेकडच्या त्या एकत्र भूखंडाला आज सगळं जग गोंडवाना म्हणतं. हे नाव कुठून आलं माहीत आहे? आपल्या गोंड लोकांच्या मुलखावरून. मध्य भारतातल्या त्या खडकांना आधी गोंडवाना हे नाव मिळालं, आणि पुढं ऑस्ट्रियाच्या एदुआर्द झ्यूस या भूवैज्ञानिकानं तेच नाव सगळ्या भूखंडाला दिलं. जगातल्या कोणत्याही देशात भूगोल शिकणारं पोर आज गोंडांचं नाव घेतं.

पण वेगेनरचं म्हणणं लोकांनी ऐकलं का? नाही. भूवैज्ञानिक म्हणाले, हा हवामानाचा माणूस, याला दगडातलं काय कळतं? त्यांचा एक प्रश्न मात्र रास्त होता. एवढी मोठी जमीन ढकलणारी ताकद कोणती? वेगेनरनं जी उत्तरं दिली ती कमी पडली. पुरावे खरे होते, कारण सापडत नव्हतं. १९३० सालच्या नोव्हेंबरात, नुकतीच पन्नाशी पूर्ण केलेला वेगेनर ग्रीनलंडच्या बर्फात आपल्या सहकाऱ्यांना शिधासामान पोचवून परत येताना वारला. त्याचं म्हणणं खरं ठरलेलं त्याला बघायला मिळालं नाही.

समुद्राचा तळ रेखाटणारी बाई

आता त्या बाईची गोष्ट. तिचं नाव मेरी थार्प. अमेरिकेत १९२० साली जन्मली. तिच्या काळात भूविज्ञान हा पुरुषांचा प्रांत. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, वर्ग रिकामे पडले, तेव्हा विद्यापीठानं बायकांना दार उघडलं. त्या दारातून मेरी आत शिरली. पुढं १९४८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तिला नोकरी मिळाली. कामाचं स्वरूप काय, तर पुरुष संशोधकांना आकडेमोड करून देणं आणि नकाशे काढून देणं.

त्या काळी जहाजावरून समुद्राच्या तळाकडं आवाज सोडायचे. विहिरीत ओरडलं की आवाज परत येतो ना, तसा तो तळावर आपटून परत यायचा. किती वेळानं परत आला त्यावरून खोली कळायची. पण बायकांना संशोधनाच्या जहाजावर जाऊ देत नसत. तिचा सहकारी ब्रूस हीझन जहाजावर जायचा, खोलीचे आकडे आणायचा, आणि मेरी टेबलाशी बसून त्या आकड्यांवरून तळाचं चित्र काढायची. ती स्वतः पहिल्यांदा अशा जहाजावर चढली १९६८ साली, म्हणजे कामाला लागल्यावर वीस वर्षांनी.

१९५२ साली ती अटलांटिक महासागराचं चित्र काढत होती. या महासागराच्या मधोमध उत्तरेकडून दक्षिणेकडं एक मोठी डोंगररांग पाण्याखाली आहे, हे माहीत होतं. मेरीला तिच्या चित्रांत आणखी एक गोष्ट दिसली. त्या डोंगररांगेच्या अगदी माथ्यावर, मधोमध, एक खोल घळ होती. नांगराच्या तासासारखी. आणि ती एका ठिकाणी नव्हती, प्रत्येक चित्रात त्याच जागी येत होती. मेरीच्या ध्यानात आलं की इथं जमीन उकलते आहे, दोन्ही बाजूंना सरकते आहे.

तिनं हीझनला सांगितलं. त्यानं ते उडवून लावलं. ही बायकांची बडबड आहे, असंच तो म्हणाला. मैत्रिणींनो, ग्रामसभेत उठून बोलताना ज्या ज्या बाईला कुणी गप्प बसवलं असेल, तिला हे वाक्य ओळखीचं वाटेल.

मेरी भांडत बसली नाही आणि गप्पही बसली नाही. तिनं पुन्हा आकडे तपासले, पुन्हा चित्रं काढली. त्याच खोलीत हॉवर्ड फॉस्टर नावाचा एक तरुण काम करायचा. त्याला ऐकू येत नसे. समुद्राखाली झालेले भूकंप कुठं कुठं झाले, ते टिंबांनी तो नकाशावर मांडत होता. दोघांचे नकाशे एकाच मापाचे होते. एकावर एक ठेवून बघितले, तर भूकंपांची टिंबं मेरीनं काढलेल्या त्या घळीवर रांगेनं येऊन बसली!

आता हीझनला मानावं लागलं. ही डोंगररांग सगळ्या महासागरांतून फिरते, तिची लांबी सुमारे ६५ हजार किलोमीटर आहे, हेही पुढं कळलं. १९५६ साली हा शोध जाहीर झाला तेव्हा त्या लेखावर मेरीचं नाव नव्हतं. १९५७ साली अटलांटिकचा नकाशा छापला गेला, त्यावर मात्र तिचं नाव आलं. १९७७ साली तिचा आणि हीझनचा जगातल्या सगळ्या समुद्रतळाचा नकाशा पुरा झाला. १९९७ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं विसाव्या शतकातल्या सर्वांत थोर नकाशाकारांमध्ये तिचा मान केला. तेव्हा ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. २००६ साली ती गेली.

कोडं सुटलं

मेरीची घळ समजल्यावर बाकीचे धागे भराभर जुळले. १९६२ साली हॅरी हेस यांनी मांडलं की त्या घळीतून खालचा तप्त रस वर येतो, थंड होऊन नवा तळ बनतो, आणि जुना तळ दोन्ही बाजूंना सरकतो. लगेच पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज या इंग्रज संशोधकांनी त्याला पुरावा जोडला.

तो पुरावा असा. पृथ्वी म्हणजे एक मोठं चुंबक आहे. लाखो वर्षांनी कधीतरी तिची चुंबकाची दिशा उलटी होते, उत्तरेची दक्षिण होते. तप्त रस थंड होऊन दगड बनतो तेव्हा त्यावेळची दिशा त्यात कायमची कोरली जाते. समुद्राच्या तळावर हे तपासलं, तर त्या घळीच्या दोन्ही बाजूंना सुलट्या आणि उलट्या दिशेचे पट्टे मिळाले. डावीकडं जसा रुंद-अरुंद क्रम, तसाच उजवीकडं. लुगड्याचे दोन्ही काठ एकाच नक्षीचे असावेत तसं. हे कधी होईल? मधून नवा तळ बनत जाईल आणि तो दोन्हीकडं सारखाच सरकत जाईल, तेव्हाच.

१९६७-६८ पर्यंत जेसन मॉर्गन, डॅन मॅकेन्झी, झाव्हिए ल पिशाँ यांनी सगळं एका माळेत ओवलं. पृथ्वीचं वरचं टणक कवच अखंड नाही. ते तुकड्यांचं आहे. सात मोठे तुकडे आणि बाकी लहान लहान. या तुकड्यांना म्हणायचं भूपट्ट. एक भूपट्ट साधारण शंभर किलोमीटर जाड. त्यावर जमीनही असते आणि समुद्राचा तळही असतो. म्हणजे ताईंची पोरगी बरोबर सांगत होती.

हे चालतं कसं?

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. भूपट्ट हलतात कशानं? ज्या प्रश्नाशी वेगेनर अडला तो हाच.

पृथ्वीचं पोट गरम आहे. काही उष्णता तिच्या जन्मापासूनची, काही आतल्या किरणोत्सारी द्रव्यांमुळं सतत तयार होणारी. वर भूकवच. त्याखाली २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण नावाचा थर. त्याच्या खाली धातूचा गाभा, बाहेरून पातळ आणि आत घट्ट. गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे हे १९३६ साली इंगे लेमान या डेन्मार्कच्या बाईनं भूकंपाच्या लहरींचा अभ्यास करून दाखवलं. म्हणजे इथंही एक बाईच आहे.

पुष्कळांना वाटतं की आपल्या खाली लगेच उकळता रस भरलेला आहे आणि आपण त्यावर तरंगतो आहोत. तसं नाही. प्रावरण दगडाचंच आहे, घट्टच आहे. पण ते फार हळू वाहतं. घट्ट वस्तू वाहते कशी? गुळाची ढेप आठवा. थंडीत तिच्यावर बत्ता मारला तर तिचे तुकडे उडतात. तीच ढेप वैशाखात महिनाभर पत्र्याच्या घरात ठेवा. कुणी हात न लावता ती बसते, पसरते. प्रावरणाचा दगड तसा आहे. एका दिवसात बघाल तर टणक. लाख वर्षांत बघाल तर वाहता.

खालचा गरम दगड हलका होऊन हळूहळू वर येतो, वर थंड झालेला जड होऊन खाली जातो. चुलीवरच्या दुधात जसं तळचं दूध वर येतं आणि वरचं कडेनं खाली जातं. प्रावरणात असे प्रवाह असतील आणि तेच जमीन हलवत असतील, हे इंग्लंडच्या आर्थर होम्स यांनी वेगेनरच्या हयातीतच सुचवलं होतं. दुधावरची साय सरकते आणि कडेला जाऊन सुरकुतते, ते बघितलं की भूपट्टांची कल्पना येते.

पण नंतरच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळली. सगळ्यात मोठी ओढ भूपट्ट स्वतःच स्वतःला लावतो. समुद्राखालचा जुना भूपट्ट थंड होऊन जड होतो आणि त्याची कड दुसऱ्या भूपट्टाखाली बुडते. दोरीवर ओली गोधडी वाळत घाला. एक बाजू जरा जास्त लोंबली की ती आपल्या वजनानं उरलेली गोधडीही खाली ओढते. तसंच. एकीकडं कड बुडते, दुसरीकडं समुद्राच्या मधल्या घळीत नवा तळ बनतो. म्हणून पृथ्वी फुगत नाही. आणि म्हणूनच समुद्राचा तळ फार जुना नसतो. तो बहुतेक ठिकाणी अठरा-वीस कोटी वर्षांच्या आतलाच आहे, तर जमिनीवरचे काही दगड चारशे कोटी वर्षांचे आहेत.

भूपट्टांच्या कडा तीन तऱ्हेनं वागतात. काही ठिकाणी त्या एकमेकींपासून लांब जातात, जसं अटलांटिकच्या मधोमध. काही ठिकाणी त्या एकमेकींना घासून जातात, जसं अमेरिकेत कॅलिफोर्नियात. आणि काही ठिकाणी एकमेकींवर आदळतात. समुद्राची कड असेल तर ती खाली जाते. सुमात्राजवळ तसं होतं. तिथंच २६ डिसेंबर २००४ ला मोठा भूकंप झाला आणि त्सुनामीची लाट आपल्या तमिळनाडूपर्यंत आली. दोन्हीकडं जमीन असेल तर कुणीच सहज खाली जात नाही. मग जमीन वर उचलली जाते, तिच्या घड्या पडतात. तो आपला हिमालय.

वेग किती? तुमच्या बोटाचं नख जितकं वाढतं, साधारण तितका. वर्षाला दोन, चार, पाच सेंटिमीटर. नख वाढताना तुम्हाला कळतं का? नाही ना? म्हणून जमीन सरकतानाही कळत नाही. पण आज उपग्रहांच्या मदतीनं ते मोजता येतं. आपला भारत वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडं चालला आहे. हे बोलणं तुम्ही ऐकता आहात तेव्हाही.

आपला स्वतःचा प्रवास

भारत गोंडवानातून फुटला आणि उत्तरेकडं निघाला. वाटेत मादागास्कर मागं राहिलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, भारत आजच्या रियुनियन बेटाजवळच्या एका तप्त जागेवरून जात असताना, जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, थरावर थर. तेच आपलं दख्खनचं पठार. आजही ते सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. सह्याद्रीचे पायरी-पायरीचे कडे त्या थरांचे. आपलं जातं, पाटा-वरवंटा त्या काळ्या दगडाचे. आणि कापूस, ज्वारी, तूर पिकवणारी काळी जमीन त्याच दगडाची झिजून झालेली माती. आपण पेरतो ती माती म्हणजे जुना लाव्हा आहे.

पुढं सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला धडकला. मधला समुद्र मिटला, त्याचा तळ वर उचलला गेला आणि त्यातला शंख गंडकीत आला. शाळिग्रामाचं कोडं असं सुटतं. हिमालयाला ढकलणारे आपणच आहोत, म्हणजे आपण ज्या जमिनीवर बसलोय ती.

मग किल्लारीत का?

आता ताईंच्या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ. धडक हिमालयात आहे, तर भूकंप आमच्या मराठवाड्यात का झाला?

पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं. आपण ढकलतो, ढकलतो, हलत नाही. आणि एकदम खाडकन उघडतं, आपला तोल जातो. भूकंप असाच होतो. दगडाला दगड अडकलेला असतो, ताण साठत राहतो, आणि एका क्षणी तो निसटतो. बहुतेक भूकंप भूपट्टांच्या कडांवर होतात. पण जो पट्ट एका कडेला दाबला जातो, त्याच्या पोटातही ताण पोचतो. लाकडाच्या फळीला दोन टोकांनी दाबा. ती मोडेल कुठं? जिथं आधीच जुनी चीर असेल तिथं. आपल्या पठाराच्या काळ्या दगडाखालच्या जुन्या खडकांत अशा चिरा आहेत.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारला चार-पाच मिनिटं असताना लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत धरणी हलली. तीव्रता सहाहून थोडी जास्त होती. जगात असे भूकंप दरवर्षी कितीतरी होतात. पण इथं आठ-दहा हजार माणसं गेली. त्यावेळच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याचा मानलेला होता.

कोयनेची गोष्ट थोडी निराळी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. तिथं जमिनीत ताण आधीपासून होता, पण धरणाच्या पाण्याचं वजन आणि भेगांत झिरपणारं पाणी यांनी तो सुटायला निमित्त मिळालं, असं अभ्यासक मानतात. त्यासाठी कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल बोअर घेऊन अभ्यास झाला आहे.

तर ताई, तुमचं उत्तर. धरणीला पाप-पुण्य कळत नाही. किल्लारीत गेलेली तान्ही लेकरं काय पाप करून आली होती? ज्या बाईचं घरदार त्या पहाटे गेलं, तिला पुन्हा पापाचा डाग लावणं हा दुसरा भूकंप आहे. तो माणसांनी केलेला असतो आणि तो आपण थांबवू शकतो.

जमिनीचं सरकणं थांबवता येत नाही. भूकंप अमुक दिवशी, अमुक वाजता होणार हे आज जगात कुणालाही सांगता येत नाही. म्हणून मोबाइलवर तसा निरोप आला तर तो खोटा समजा आणि पुढं पाठवू नका.

मग आपल्या हातात काय? घर. किल्लारीत माणसं मारली ती भिंतींनी आणि माळवदांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती, दगड मातीत रचलेले, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला. माळवदावर वर्षानुवर्षं टाकलेली माती. धक्का बसताच भिंती फुटल्या आणि वरचा भार खाली आला. कितीतरी घरांत लाकडाचे खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, भिंती मात्र ढासळल्या.

म्हणून जुनं घर असेल तर चार गोष्टी बघा. माळवदावर गळतीसाठी दरवर्षी मातीचा थर चढवत जाऊ नका, जास्तीची माती उतरवा. भिंतीत ठिकठिकाणी आरपार जाणारे लांब दगड बसवा, म्हणजे दोन्ही थर बांधले जातात. नवीन बांधताना जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग काँक्रीटचा पट्टा घ्या. पोत्याला तीन जागी दोरी बांधतो तसा तो घराला बांधून ठेवतो. आणि कोपरे नीट सांधून घ्या. गवंडी म्हणेल, काय गरज आहे? त्याला हे सगळं समजावून सांगा. भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीच्या कामात मराठवाड्यातल्या कितीतरी बायका संवाद सहायक म्हणून गावोगाव हेच सांगत फिरल्या होत्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी आधी घराबाहेर पडून चार माणसांत बोललेल्याही नव्हत्या.

घरात बघा. उतरंड, जड डबे, पेट्या जिथं आपण झोपतो त्याच्या वर फळीवर नकोत. जड सामान खाली ठेवा. हादरे बसायला लागले आणि घर दगडमातीचं असेल, दार दोन पावलांवर असेल, तर लगेच मोकळ्यावर जा. पक्क्या घरात असाल तर पळापळ करू नका. मजबूत टेबलाखाली किंवा पलंगाखाली शिरा, डोकं झाका, धक्के थांबल्यावर बाहेर या. बाहेर आल्यावर भिंती, विजेचे खांब आणि तारा यांपासून लांब थांबा. गॅस बंद करा, काडी ओढू नका. मोठ्या धक्क्यानंतर छोटे धक्के येतच राहतात, म्हणून तडे गेलेल्या घरात सामान काढायलाही लगेच जाऊ नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. सगळ्याजणींनी मिळून आपल्या वस्तीतली दहा घरं बघा. कुणाच्या माळवदावर किती माती आहे, कुठल्या भिंतीला पोट आलंय, कुठं म्हातारं माणूस एकटं झोपतं, हे वहीत लिहा. मेरी थार्पनंही दुसरं काय केलं? आकडे नीट लिहिले, एकाखाली एक मांडले, आणि कुणी हसलं तरी जे दिसलं ते दिसलं म्हणून सांगितलं.

तुमच्या वहीत काय आलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर, सगळ्यांना नमस्कार.